दर सहीला नवा फासा

सोमवार, ४ मार्च, सकाळी पावणेअकरा

आत्ता मी नव्या खोलीच्या खिडकीत बसून बुटांच्या नाड्या वाळत घालतो आहे. प्रवासात पिशवीतली पाण्याची बाटली सांडली. कपडे वाचले, नाड्या भिजल्या. इतक्यावर निभावलं म्हणून मन खूश आहे.

खोली चौथ्या मजल्यावर आणि कचेरी तिसऱ्या. नोकरीवर जायचं म्हणजे एक जिना उतरायचा. पलंग, टेबल, लोखंडी कपाट आणि भिंतीवर एक आरसा. आरसा तिरका होता, तो मी सरळ केला. नळाला पाणी जोरात येतं. कपाटाची कडी कुरकुरते, तिला तेल घालावं लागेल.

खाली एक काकू चहाची टपरी चालवतात. त्यांनी विचारलं की वरच्या मास्तरांकडे आलास का. हो म्हटल्यावर मला नखशिखांत न्याहाळून म्हणाल्या की याही वेळी काडीपैलवानच आणलाय. मला हसू आलं. सुटे नव्हते, तर म्हणाल्या शनिवारी दे. मला उधारी आवडत नाही. वडील गेले तेव्हा दारात उभे राहिलेले लोक मी विसरलेलो नाही. त्याच वर्षी माझं कॉलेज पहिल्या वर्षाच्या मध्यावर सुटलं आणि शिक्षण तिथंच लोंबकळत राहिलं. नातेवाईक मला अर्धवट म्हणतात. शिक्षणाबद्दल म्हणत असावेत असं मी धरून चालतो.

घरी आता आई आणि धाकटी. धाकटी एकोणीस वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा हुशार आहे. तिचं शिक्षण अर्धं राहू द्यायचं नाही, म्हणून ही नोकरी.

मास्तर साठीचे, गोलसर, आवाज सायीसारखा मऊ. मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, कुठवर शिकलास. अर्धं वर्ष, असं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. इतकं कौतुक मला पूर्ण शिकलो असतो तरी मिळालं नसतं.

मंगळवार, ५ मार्च

काम समजलं. लोक एकमेकांना फोनवरून कागद पाठवतात: करार, मुखत्यारपत्रं, मृत्युपत्रं. तो कागद खरंच त्याच माणसाने पाठवला का, हे ही कचेरी तपासून सांगते. खरा असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. खूण कशी ठरते ते कळल्याशिवाय कुणाला यंत्राला हात लावू देत नाहीत. म्हणून आधी शिकवणी.

विषयाचं नाव एलिप्टिक कर्व्ह क्रिप्टोग्राफी. नाव उतरवून घेताना दोनदा चुकलो. पण मास्तर शिकवतात सुंदर. फळ्यावर एक वक्र रेघ काढली, आडव्या पडलेल्या माशासारखी. तिच्यावरचे दोन बिंदू घ्यायचे, त्यांतून सरळ रेघ काढायची, ती वक्राला तिसरीकडे छेदते. तो तिसरा बिंदू मधल्या आडव्या रेघेपलीकडे उलटा करायचा, पाण्यात झाडाचं प्रतिबिंब पडतं तसा. ही त्या दोन बिंदूंची बेरीज. बिंदू स्वतःतच मिळवायचा असेल तर त्याला नुसती स्पर्शून जाणारी रेघ काढायची. एवढंच.

मग चौकटीचा कागद दिला. त्यावर शून्य ते सोळाच आकडे. सतरा झाले की पुन्हा शून्य, घड्याळात बारानंतर एक होतो तसं. इथे वक्र दिसत नाही, नुसते सांडलेल्या मोहरीसारखे अठरा ठिपके. पहिला ठिपका पाच-एक, म्हणजे आडवी पाच घरं आणि वर एक. तो स्वतःतच मिळवला की सहा-तीन. पुन्हा पाच-एक मिळवला की दहा-सहा. अशा उड्या मारत जायचं. मी मनात सात आकडा धरला आणि सातव्या उडीला शून्य-सहावर पोचलो. मास्तर म्हणाले, किती उड्या मारल्या ते तुझं गुपित. कुठे पोचलास ते जगाला सांग. गव्हाचं पीठ होतं, पिठाचे गहू होत नाहीत. अठरा ठिपक्यांत कुणीही मोजून काढेल, पण खऱ्या कामात ठिपक्यांची संख्याच सत्त्याहत्तर आकडी असते. सगळी माणसं जन्मभर मोजत बसली तरी उड्या सापडायच्या नाहीत.

आपल्यापाशी असं एक काही असावं जे कुणाला सापडणार नाही, या विचाराने दिवसभर बरं वाटलं. शून्य-सहाचं कार्ड मास्तरांनी भिंतीवर लावलं. तिथे आधीच्या मुलांचीही कार्डं आहेत. ती मुलं कुठे आहेत विचारलं तर आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बोट केलं. काम करताहेत, म्हणाले. आतून कुणीतरी बारीक शिट्टी वाजवत होतं.

शनिवार, ९ मार्च

उधारी चुकती केली. काकू म्हणाल्या की तुझ्यासारखं गिऱ्हाईक म्हणजे धंद्याला शाप, कुणी चार दिवस थकवलं तर बोलायला काहीतरी मिळतं.

सही शिकलो. प्रत्येक सहीला दोन आकडे लागतात. एक आपला कायमचा गुपित आकडा आणि दुसरा फक्त त्या सहीपुरता. हा दुसरा मास्तर फाशांनी काढायला लावतात. चामडी पेल्यात दहा फासे, ते दहा वेळा खुळखुळवून ओतायचे, पडतील ते आकडे चिठ्ठीवर उतरवायचे, मग यंत्रात घालायचे. यंत्र सही तयार करतं. सहीचेही दोन तुकडे असतात आणि ते कचेरीच्या बाहेरच्या दालनातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसतात. सही लपवायची नसते.

यंत्रच आपला आकडा का काढत नाही, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, यंत्राचा आकडा यंत्राचा, तुझ्या मुठीतला तुझा. दर सहीला नवा फासा. जुना घेतला तर काय होतं, हेही विचारलं. त्यावर नुसतं म्हणाले, घेऊ नये. वाढलेलं ताट आणि वापरलेला फासा यांना परत हात लावू नये. चिठ्ठी लगेच जाळायची.

मी विचारायला हवं होतं की का. पण ज्याचं शिक्षण अर्धं राहिलं त्याला ‘का’ विचारायची सवय राहत नाही. आपल्याला कळत नाही हे दिसेल, या भीतीने तो मान डोलावतो.

आज प्रतिबिंबांचाही धडा झाला. माझा शून्य-सहा. त्याचं प्रतिबिंब शून्य-अकरा. दोघांची बेरीज करायला गेलो तर रेघ सरळ उभी वर जाते आणि तिला तिसरा बिंदू कुठेच मिळत नाही. मास्तर म्हणाले, बरोबर. उत्तर आहे काही नाही. त्या ‘काही नाही’ला आम्ही वरचा म्हणतो. तो कागदावर नसतो, पण त्याच्याशिवाय हिशेब बसत नाही.

गुरुवार, १४ मार्च

मला खरा गुपित आकडा मिळाला. मीच फासे टाकून काढला. आता रोज सकाळी कचेरीच्या दाराजवळच्या यंत्रावर हजेरीची सही केली की कचेरीचं आणि माझ्या खोलीचं दार त्या दिवसापुरतं उघडतं.

घरी फोन केला आणि आईच्या आणि धाकटीच्या फोनवर तपासणीची सोय करून दिली. माझा उघडा बिंदू, म्हणजे उड्या मारून जिथे पोचलो तो, त्यात भरला. दोघींना बजावलं की हल्ली आवाजाची नक्कल होते, चेहऱ्याची होते, म्हणून माझ्या नावाने काहीही आलं, फोन आला, अगदी मी दारात येऊन उभा राहिलो, तरी हिरवी खूण बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. धाकटी म्हणाली की दादा, मग राखी कुणाच्या हाताला बांधू, हाताला की खुणेला. आई मागून म्हणाली की नऊ महिने पोटात वाढवला तेव्हा कुठली खूण बघितली होती. मी दोघींवर चिडलो. शपथ घ्यायला लावली. धाकटीने घेतली. ती शपथ मोडत नाही.

मंगळवार, १९ मार्च

मास्तरांनी कालपासून हजेरीशिवाय दर कागदालाही सही सांगितली आहे. खुळखुळ, ओत, उतर, घाल, जाळ. बोटांना चामड्याचा वास येतो. आकडे दोनदा घालायचे असतात, एक जरी जुळला नाही की यंत्र सगळं नाकारतं आणि मास्तर नुसते घड्याळाकडे बघतात. त्यांनी ओरडावं असं वाटतं. ओरडत नाहीत याचाच राग येतो.

चिठ्ठ्या जाळवत नाहीत मला. आपण नीट, एकही खाडाखोड न करता लिहिलेली गोष्ट का जाळायची. उशीखाली ठेवल्या आहेत.

बुधवार, २० मार्च

सकाळी आईचा फोन आला, तिला चक्कर आली होती. बोलण्यात उशीर झाला. फासे टाकले, घातले, यंत्राने नाकारले. पुन्हा. पुन्हा नाकारले. हात थरथरत होते. शेवटी मागे उघडीच टाकून आलेल्या खोलीतून उशीखालची कालची चिठ्ठी आणली आणि तोच आकडा घातला. तो तपासलेला होता, काल बरोबर आला होता. सही झाली. दार उघडलं.

पडद्यावर बघितलं तर कालच्या आणि आजच्या सहीचा पहिला तुकडा अगदी एकसारखा दिसत होता. बाकी कुणाला कळणार, असं वाटलं.

मास्तर पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, दमलास, आज दुपारी सुट्टी घे. वडील गेल्यापासून पाठीवरून कुणी असा हात फिरवला नव्हता. मला भरून आलं. २८ मार्चला समासात लिहितोय: कुणी शेण खाल्लंस म्हटलं तरी चालेल, पण हे वाक्य मी खोडणार नाही. त्या दिवशी मला भरून आलं होतं.

शुक्रवार, २२ मार्च

कचेरीत गेलो तर पडद्यावर माझी हजेरी आधीच लागलेली. मी फासे हातातही घेतले नव्हते. खूण हिरवी. मास्तर म्हणाले, झोपेत केली असशील. मी झोपेत चालत नाही. झोपेत शंभर फासे तर नाहीच टाकत.

सोमवार, २५ मार्च

शनिवारी मी कुठलंही काम केलं नाही. पडद्यावर माझ्या सहीने गठ्ठाभर कागद तपासलेले आहेत. एकही चूक नाही.

आतल्या खोलीचं दार आज किंचित उघडं होतं. टेबलांची रांग, सगळ्या खुर्च्या रिकाम्या, पण यंत्रं चालू. शिट्टी अगदी जवळून येत होती. शेवटच्या टेबलावर माझं नाव आहे. खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. ऊबदार होती.

खोलीतला आरसा तिरका झाला होता. सरळ केला.

बुधवार, २७ मार्च

टपरीवर गेलो तर काकू म्हणाल्या की आत्ताच तर पिऊन गेलास, आणि आठवड्याचे पैसे पण देऊन गेलास, डोकं ठिकाणावर आहे ना. मी म्हटलं मी दिले नाहीत. त्या हसल्या. म्हणाल्या की जगात घेतले नाहीत म्हणून भांडणारे पुष्कळ बघितले, दिले नाहीत म्हणून भांडणारा तू पहिलाच.

मग माझा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. हळू आवाजात सांगितलं की तुझ्या आधीचा, तो शिट्टीवाला, तोही याच बाकावर बसून असंच म्हणत होता. भरदुपारी हमसाहमशी रडला आणि मिळाली त्या गाडीत बसून गेला. त्याला जाताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, म्हणाल्या. आणि शिट्टी तर अजून वरून येते.

मी पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. माझी उधारी दुसऱ्या कुणीतरी फेडली आहे. मला इतका राग कधी आला नव्हता. पगार चोरला असता तरी आला नसता.

गुरुवार, २८ मार्च

आज चौकटीचा कागद घेऊन बसलो. अठरा ठिपके, गुपित सात. फाशाचा आकडा पाच धरला आणि त्याच पाचाने दोन वेगळ्या कागदांवर सह्या केल्या. मग मीच चोर झालो. समोर फक्त दोन सह्या, जशा पडद्यावर सगळ्यांना दिसतात. दोन समीकरणं, दोन अज्ञात. एकातून दुसरं वजा केलं. पाच बाहेर आला. पाच घालून पुन्हा सोडवलं. सात बाहेर आला.

आठवीचं गणित आहे हे. पिठाचे गहू झाले आणि त्याला आठवीचं गणित पुरलं.

मास्तरांकडे गेलो. कागद त्यांच्या टेबलावर आपटला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि एका ठिकाणी वजाबाकी छान केलीस म्हणाले. मी म्हटलं हे तुम्ही शिकवलं का नाही. म्हणाले, हा शेवटचा धडा आहे, तो ज्याचा त्याने शिकायचा असतो. मी त्यांना चोर म्हटलं. म्हणाले, चोरी कसली बाळा, तू एकच गोष्ट दोनदा बोललास, आम्ही ऐकली. आणि मग त्याच सायीसारख्या आवाजात सांगितलं की तुझ्या खुर्चीवरचा तो मुलगा तुझ्याहून बरा आहे. दमत नाही. आईचा फोन आला तरी त्याचे हात थरथरत नाहीत.

आता कळलं की मुलाखतीत चेहरा का उजळला. पूर्ण शिकलेल्याला शेवटचा धडा माहीत असतो. न शिकलेला सहीपर्यंत पोचत नाही. या मास्तराला अर्धेच लागतात. मान डोलावणारे. चांगलं अक्षर असलेले. चिठ्ठी न जाळणारे.

आणि त्याने बाळा म्हटल्यावर मी क्षणभर विरघळलो. त्याचा राग सगळ्यात जास्त.

शनिवार, ३० मार्च

भिंतीवरचं माझं कार्ड बदललंय. शून्य-सहा नाही. शून्य-अकरा.

घरी फोन केला. धाकटीला म्हटलं, माझं गुपित फुटलंय, माझ्या नावाने आलेलं काही मानू नकोस. ती परक्या माणसाशी बोलतात तसं बोलली. म्हणाली की दादाने परवाच कळवलंय की त्याचं जुनं गुपित फुटलंय, त्याने नवा बिंदू दिलाय, त्या निरोपावर जुनी सही होती, हिरवी होती. आणि हेही कळवलंय की कुणीतरी त्याच्या आवाजात फोन करेल.

मी ओरडलो की तो फोन करणारा मीच. ती म्हणाली, मग खूण पाठवा.

मला ‘पाठवा’ म्हणाली.

पाठवली. लाल. लाल होणारच, जुना बिंदू तिने काढून टाकलाय, मी शिकवलं होतं तसाच. मी लहानपणच्या गोष्टी सांगायला लागलो, ती सायकलवरून पडली ते, मी तिचा दात कौलावर फेकला ते. ती रडायला लागली. म्हणाली की माझ्या दादाचा आवाज काढताय, लाज नाही वाटत. फोन ठेवायच्या आधी आईला म्हणाली ते ऐकू आलं. म्हणाली की मंगळवारी मी जातेच आहे, दादाच्या कचेरीत जागा निघालीये, समोरासमोर सगळं कळेल.

जागा निघालीये.

तिचंही कॉलेज अर्धंच झालंय.

रविवार, ३१ मार्च

पुन्हा फोन. उचलत नाहीत. आईही नाही.

दाढी करायला उभा राहिलो. आरशात खिडकी, पलंग, कपाट — टॉवेल — सगळं होतं. मी नव्हतो. गालाला साबण लावलेला हाताला लागत होता.

आरसा तिरका आहे. असू दे.

सोमवार, १ एप्रिल

सही नाकारली. कचेरीचं दार बंद. जिना चढून वर आलो तर खोलीचंही बंद. कपडे आत. चिठ्ठ्या आत. खिशात ही वही आणि थोडे पैसे तेवढे आहेत.

दारावर लाथा मारल्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी डोकावून म्हटलं की अहो, आत्ताच तर आत गेलात. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, कडी कुरकुरली नाही. त्याने तेल घातलंय.

मी रोज घालेन घालेन म्हणत होतो.

मंगळवार, २ एप्रिल, दुपारी

सकाळपासून गाडीतळावर होतो. घराकडून येणारी तिची गाडी दहाची. आली, ती उतरली नाही. गाडी बदलायला तिला कळवलं असणार, कुणी ते —

धावत इथे, कचेरीच्या इमारतीपाशी आलो. रस्त्याच्या त्या बाजूला ती उभी होती. शेजारी तो. तिची बॅग त्याच्या हातात. माझा निळा शर्ट. भांग उजवीकडून, मी डावीकडून पाडतो. घड्याळ उजव्या हाताला. तो चेहरा मी ओळखतो, रोज दाढी करताना बघितलाय. ती हसत होती त्याच्या कशावर तरी. मी सांगितलेल्या विनोदावर ती अशी कधी हसली नव्हती.

हाक मारली. घरात मारतो ती, चिमणे म्हणून.

वळली. माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. पुन्हा माझ्याकडे. तिचे ओठ हलले, दादा असे — मला दिसलं. एक पाऊल टाकलं तिने माझ्याकडे. एक.

मग फोन काढला.

शपथ घेतली होती ना. मीच घ्यायला लावली.

त्याच्यासमोर धरला. हिरवा. माझ्यासमोर धरला. मी काय करणार होतो, मी नुसता उभा होतो, हात पसरून. तिने डोळे पुसले आणि त्याच्यामागे जिना चढून गेली. तो वळून बघायला थांबलाही नाही. दमत नाही. थरथरत नाही.

चिमणे, तुझं चुकलं नाही. तुला मी नीट शिकवलं.

मंगळवार, तीन वाजता

काकूंच्या बाकावर. काकूंनी पाणी दिलं. म्हणाल्या की दोघांना बघितलं मी आज, एकदम. आणि म्हणाल्या की त्याने चहा पिताना फुंकर मारली नाही. उकळता प्यायला.

वरून खुळखुळ ऐकू येते. फासे. शिकवायला सुरुवात झाली.

शिट्टीवाला पळाला. सगळे पळाले, म्हणून त्यांची प्रतिबिंबं आत बसलीत. मी घाबरट आहे, जन्मभर होतो. उधारीला घाबरलो, ‘का’ विचारायला घाबरलो. आत्ता मला भीती वाटत नाही. राग आहे. रागाला किती जागा लागते हे माहीत नव्हतं, भीतीला उभं राहायला कोपरा उरलेला नाही.

शून्य-सहा, शून्य-अकरा. एकाच उभ्या रेघेवर. बेरीज करा: काही नाही. मास्तर, तुमच्याच फळ्यावरचं आहे.

मंगळवार, साडेतीन

काकूंना सगळं समजावलं. चार वाजता वर चहा जातो, तेव्हा दार आतून उघडतं. किटली मी नेणार. त्या नको म्हणाल्या. मग किटलीला फडकं गुंडाळून दिलं.

धाकटी खाली येईल तेव्हा काकूंनी तिला पाचच्या गाडीत बसवायचं. कुणी विचारलं तरी थांबायचं नाही. तिला सांगायचं की खूण बघू नकोस, आईकडे जा.

मी त्याच्याजवळ जायचं. त्याचा हात धरायचा. एवढंच. मिळवायचं.

हिशेब. खर्च: धाकटीचं परतीचं तिकीट, एक. एकच. वाटेत खायला बिस्किटं. देणं: काकूंचे आठवड्याचे चहा. त्याने दिले असतील. मी दिलेले नाहीत. नाव, शर्ट, खुर्ची, खोली, बहीण, सगळं घेतलं त्याने, पण हे देणं माझं आहे, ते फेडायचा त्याला हक्क नाही. काकूंच्या हातात पैसे ठेवले. या वेळी त्यांनी मोजून घेतले आणि म्हणाल्या, चुकते झाले बाबा, तुझेच.

माझेच.

दार उघडल्याचा आवाज. चार वाजलेत. शिट्टी थांबली. जिन्यावर कुणीतरी उतरतंय, माझ्यासारखं, एक पायरी सोडून — तोच येतोय. बरंच झालं, मला चढावं लागणार नाही. शिल्लक —